तेरा विरुद्ध अडतीस : गोखल्यांनी मांडलेला शाळेच्या खर्चाचा हिशोब

१९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्याला वरिष्ठ कायदेमंडळात एका खाजगी विधेयकावर मतदान झाले. विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे एवढीच मागणी होती. बाजूने १३ मते पडली, विरोधात ३८. हिंदुस्थानातील मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची वाट मोकळी करणारा पहिला कायदा असा जन्मण्यापूर्वीच संपला. विधेयक मांडणारे सभासद होते गोपाळ कृष्ण गोखले. निकाल काय लागणार हे त्यांना अगोदरच ठाऊक होते. तरीही वर्षभर त्यांनी त्यासाठी आकडे जुळवले, नगरपालिकांची मते मागवली, एकेका आक्षेपाला उत्तर तयार केले. वादाचा विषय शिक्षण हा होता. पण सारा वाद अखेर एका जागी येऊन थांबत होता. गरिबाच्या मुलाच्या शाळेचा खर्च कोणी करायचा?

हा प्रश्न गोखल्यांना पुस्तकातून सापडलेला नव्हता. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरच्या छत्रछायेतील कागल जहागिरीत नोकरीला होते. कारकुनीपासून सुरुवात करून ते फौजदारीपर्यंत पोहोचले. घर मध्यम स्थितीचे, मिळकत बेताची. १८७९ मध्ये कृष्णराव वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले.

त्या ८ रुपयांत राहणे, जेवण, फी आणि पुस्तके सगळेच भागवायचे होते. गोपाळ हाताने स्वयंपाक करी, एखादे जेवण चुकवी, दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून रस्त्यावरच्या कंदिलाखाली वाचत बसे. १८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. पुढे कॉलेजात घालण्याइतकी ऐपत घराची नव्हती. तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केल्याची हकिकत चरित्रकारांनी आवर्जून नोंदवली आहे. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन असा प्रवास करून १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पदवीधर झाले. एल्फिन्स्टनमध्ये त्यांना दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती. म्हणजे एका भावाने शाळा सोडली म्हणून दुसरा शिकला. वहिनीने दागिने देऊ केले म्हणून तो कॉलेजात गेला. आणि शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शेवटपर्यंत टिकला. ज्यांना असा भाऊ, अशी वहिनी आणि अशी शिष्यवृत्ती नव्हती, त्यांच्या मुलांचे काय झाले असेल, याचे उत्तर त्या काळच्या कागल-कोल्हापूरच्या कोणत्याही वाडीवस्तीत दिसत होते.

पदवी हाती आल्यावर सरकारी नोकरीची दारे उघडी होती. इंजिनिअरिंगचा, कायद्याचा आणि सनदी परीक्षेचा विचार त्यांनी केला. पण अखेर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपये पगारावर शिक्षक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी आणि आगरकर यांच्या परिश्रमातून ही शाळा १८८० पासून उभी राहिली होती. तिच्यातूनच १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. १८८६ मध्ये गोखले सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर शिकवायचे, अशी ती प्रतिज्ञा होती. गणित, इंग्रजी वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र असे जे विषय शिकवायला माणूस नसेल ते गोखल्यांकडे येत. अंकगणितावरचे त्यांचे क्रमिक पुस्तक पुढे अनेक वर्षे शाळांत चालले आणि मिळकतीला थोडा हातभारही लावत राहिले.

या वर्षांत त्यांना शिक्षणाच्या खर्चाचा आतला व्यवहार जवळून दिसला. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सरकारचे धोरण असे होते की सर्व शाळा आपण चालवायच्या नाहीत. खाजगी संस्थांना अनुदान द्यायचे आणि लोकांना पुढे येऊ द्यायचे. मुंबई इलाख्यात हे अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरत असे. इन्स्पेक्टर यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, आणि जितकी मुले उतरतील तितकी रक्कम मिळायची. १८८२ च्या हंटर आयोगाने उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या हाती द्याव्यात, असे सुचवले. फर्ग्युसन कॉलेज ही या धोरणातली एक यशस्वी संस्था होती. परंतु तिचे यश कशावर उभे होते ते गोखले रोज पाहत होते. पंचाहत्तर रुपयांवर राबणारे प्राध्यापक, गावोगाव फिरून गोळा केलेल्या देणग्या, संस्थानिकांची औदार्ये आणि सरकारी अनुदानाची अनिश्चितता यांवर ते तोललेले होते. कॉलेजच्या इमारतीसाठी झोळी घेऊन फिरण्याचे काम त्यांनी स्वतः केले. दारोदारचे अपमानही सोसले. अशा त्यागावर एक कॉलेज चालू शकते, दोन शाळा चालू शकतात. लाखो खेड्यांतल्या शाळा त्यागावर चालत नाहीत, हे त्या हिंडण्यातून त्यांना उमगले असले पाहिजे.

खेड्यांतल्या शाळांचा हिशोब वेगळाच होता. मुंबई इलाख्यात जमीन साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी घेतली जाई आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. म्हणजे शाळेसाठी पैसे शेतकऱ्याकडून घेतले जातच होते. पण त्याच्या मुलाला शाळा मिळत होती का? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर नेमके हेच विचारले होते. रयतेच्या घामाच्या पैशाने वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाची सोय होते आणि रयत अडाणी राहते, ही त्यांची तक्रार होती; आणि निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. फुले आणि गोखले यांची सामाजिक भूमी वेगळी, भाषा वेगळी, मार्ग वेगळे. तरीही तीस वर्षांनी गोखल्यांचे बोट तिजोरीच्या त्याच पानावर येऊन टेकले, हे विसरता येत नाही.

हिशोब वाचण्याची ही दृष्टी त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून मिळाली. १८८७ च्या सुमारास सुरू झालेली ही गुरु-शिष्याची संगत चौदा वर्षे चालली. सरकारी अहवाल, निळी पुस्तके, अंदाजपत्रके हे सर्व रानडे त्यांच्याकडून वाचून घेत, टिपणे काढवून घेत, ती पुन्हा लिहायला लावत. सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन हीसुद्धा त्या शिकवणीची अंगे होती. सोलापूरचे शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी हे आकडेशास्त्रातले त्यांचे दुसरे गुरू. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले, तेव्हा वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी सरकारी वित्तव्यवहाराच्या जाणकारांचे प्रश्न झेलले. लष्करावर किती खर्च होतो, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारांवर किती, आणि प्रजेच्या शिक्षणावर किती, ही तुलना तेव्हापासून त्यांच्या बोलण्याचा कणा झाली.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०२ मध्ये, सर फिरोजशहा मेहता यांच्या जागी, वरिष्ठ कायदेमंडळात. त्याच वर्षी फर्ग्युसनमधील सेवा पुरी करून अल्पशा निवृत्तिवेतनावर त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांनी जे भाषण केले त्याने त्यांचे नाव देशभर झाले. लॉर्ड कर्झनचे सरकार सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखवून समृद्धीची ग्वाही देत होते. गोखल्यांनी तो हिशोब सोडवून दाखवला. रुपयाचा दर कृत्रिमपणे वर नेल्यामुळे आणि दुष्काळाने पिचलेल्या लोकांवर गरजेपेक्षा जास्त कर बसवल्यामुळे तिजोरी भरली होती; देश श्रीमंत झाला म्हणून नव्हे. मिठावरील कर हा त्यांच्या टीकेचा मुख्य विषय होता, कारण तो सर्वांत गरिबाच्या ताटातून वसूल होत असे. तो कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. पुढे १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया असा तो उतरत गेला. या उतरणीत गोखल्यांच्या सततच्या मांडणीचा वाटा मोठा होता.

त्यानंतरची जवळजवळ प्रत्येक अंदाजपत्रकी चर्चा त्यांनी शिक्षणाकडे वळवली. शिल्लक आहे तर ती शाळांवर खर्च करा, हा त्यांचा सरळ मुद्दा होता. १९०५ मध्ये पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले. १९०६ पासून मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी ते कायदेमंडळात आग्रहाने करू लागले. फी रद्द करता येईल का, अशी विचारणा सरकारने प्रांतांकडे केली. पण तो विचार पुढे मागे पडला. पैसे नाहीत, हे उत्तर तयारच होते.

या उत्तराला गोखल्यांनी दिलेला सर्वांत प्रभावी प्रत्युत्तर म्हणजे बडोदे. सयाजीराव महाराज गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. हिंदुस्थानी माणसाला शाळेची गोडी नाही, मुले शेतातून काढली तर आईबाप बंड करतील, सक्ती या देशाला मानवणार नाही, असे आक्षेप कलकत्त्यात बसून घेतले जात होते, त्याच वेळी एका देशी संस्थानात ती सक्ती चालू होती. विधेयक मांडताना गोखल्यांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. ब्रिटिश हिंदुस्थानात एकूण लोकसंख्येच्या अवघे १.९ टक्के प्राथमिक शाळेत होते. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के मुलगे शाळेत जात, ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के. बडोद्याचे सरकार प्राथमिक शिक्षणावर दरडोई साडेसहा पेन्स खर्च करत होते आणि जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याचे सरकार जेमतेम एक पेनी. ज्याला आपल्या मांडलिकाइतकेही परवडत नाही त्याने गरिबीची सबब सांगू नये, असा त्या तुलनेचा अर्थ होता. आणि तो कोणी उलगडून सांगण्याची गरज नव्हती.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा हक्क दिला. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने योजना आखण्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचा आयोग नेमावा, असा ठराव आणला. प्रश्नाचा विचार होईल असे आश्वासन मिळाल्यावर तो मागे घेतला. त्याच वर्षाअखेर केंद्रात स्वतंत्र शिक्षण खाते झाले आणि सर हारकोर्ट बटलर त्याचे सभासद झाले. आश्वासन मात्र कागदावर राहिले. म्हणून १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःचे विधेयक मांडले.

त्या विधेयकाची रचना पाहिली तर त्यातील सावधपणा लक्षात येतो. इंग्लंडचे १८७० आणि १८७६ चे कायदे आणि आयर्लंडचा १८९२ चा कायदा त्यांनी नमुन्यादाखल घेतले होते. सक्ती सगळ्या देशावर एकदम येणार नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा मंडळाला ती हवी असेल त्यांनीच, सरकारच्या परवानगीने, आपल्या हद्दीत लागू करायची होती. तीही जिथे शाळेच्या वयाची ठरावीक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच. गोखल्यांनी त्यासाठी ३३ टक्क्यांचे माप सुचवले. सक्ती ६ ते १० या वयाच्या मुलग्यांपुरती होती. मुलींसाठी ती नंतर, स्थानिक परिस्थिती पाहून वाढवायची होती. मूल कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेत गेले तरी चालणार होते. ज्या पालकांचे उत्पन्न महिना १० रुपयांहून अधिक नाही त्यांच्याकडून फी घ्यायची नव्हती. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षण कर बसवता येणार होता, आणि एकूण भारापैकी दोन तृतीयांश सरकारने व एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावा, असे गोखल्यांचे म्हणणे होते.

या शेवटच्या कलमातच विधेयकाचा प्राण होता. सक्ती करायची आणि फीही घ्यायची, हे गरिबावर दुहेरी ओझे ठरले असते. सक्ती करायची आणि सारा खर्च नगरपालिकेवर टाकायचा, म्हणजे श्रीमंत शहरांना शाळा आणि गरीब तालुक्यांना कायद्याची प्रत, असा प्रकार झाला असता. म्हणून मोठा वाटा मध्यवर्ती तिजोरीचा असला पाहिजे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पैसा कुठून आणायचा हेही त्यांनी सांगितले. आयात मालावरील जकात ५ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर न्यावी, हा एक मार्ग. आणि अगदीच गरज पडली तर मिठावरील कर आठ आण्यांनी वाढवावा, हा दुसरा. ज्या माणसाने मिठाच्या कराविरुद्ध आयुष्यातली सर्वांत गाजलेली लढाई दिली, तोच आता म्हणत होता की देशबांधवांनी थोडे मीठ कमी खाल्लेले परवडेल, पण त्यांची मुले अज्ञानात वाढलेली परवडणार नाहीत. लोकप्रियतेची काळजी असलेला पुढारी असे बोलत नाही. पण जो दुसऱ्याकडे खर्च मागतो त्याने आपला वाटाही दाखवला पाहिजे, हा हिशोबनिसाचा प्रामाणिकपणा गोखल्यांत होता.

विधेयक वर्षभर प्रांतिक सरकारांकडे आणि लोकांकडे मतासाठी फिरले. बहुतेक प्रांतिक सरकारांनी प्रतिकूल मत दिले. आक्षेप अनेक होते आणि त्यांतले सगळेच बनावट नव्हते. शिकवलेले शिक्षक नाहीत, इमारती नाहीत. सक्ती आली की खालच्या अंमलदारांना लोकांना छळण्याचे आणखी एक हत्यार मिळेल. गावातली पंतोजींची जुनी शाळा आणि अनुदानावरच्या खाजगी शाळा मोडतील. शेतकऱ्याला गुराखी मिळणार नाही. एका समाजाने कर भरायचा आणि दुसऱ्याची भाषा शिकवायची, असे होईल. जमीनदारांना करवाढीची धास्ती होती. शिकलेली रयत ऐकेनाशी होईल, ही भीती उघडपणे कमी आणि आडपडद्याने जास्त बोलली जात होती. सरकारचे म्हणणे असे की लोकांच्या इच्छेने, अनुदानाच्या मार्गाने शाळा वाढू द्याव्यात. सक्तीपेक्षा तीच वाट निरोगी. दिल्ली दरबारात डिसेंबर १९११ मध्ये शिक्षणासाठी वार्षिक ५० लाख रुपयांची देणगीही जाहीर झाली होती; ती दाखवून सरकार आपली सदिच्छा सांगत होते.

गोखल्यांनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले. शिक्षक शिकवून तयार होईपर्यंत शाळा थांबवायच्या तर त्या कधीच उघडणार नाहीत. इंग्लंडनेही अपुऱ्या शिक्षकांनिशीच आरंभ केला होता. अंमलदारांच्या छळाची भीती सरकारनेच बोलून दाखवावी हे चमत्कारिक होते, कारण ते अंमलदार सरकारचेच होते. आणि स्वेच्छेने, अनुदानाने शाळा वाढण्याची वाट पाहायची तर त्या वेगाने देश साक्षर व्हायला शतक लागेल, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ५० लाख ही देणगी होती. देणगी दरवर्षीच्या दयेवर चालते. त्यांना कायदा हवा होता, ज्यात मुलाचा शाळेवरचा हक्क आणि सरकारचे तिजोरीतले कर्तव्य एकाच पानावर लिहिलेले असेल.

मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना यांसारखे सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते आणि काही हिंदी सभासदही विरोधात गेले. १३ विरुद्ध ३८. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशांतूनच देशसेवा करण्याचे काम आले आहे, या जाणिवेने गोखल्यांनी तो निकाल स्वीकारला.

हे विधेयक निर्दोष नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मुलींना त्यांनी पहिल्या टप्प्यातून वगळले. बडोद्यात मुलींनाही सक्ती लागू असताना ही माघार आज अधिकच जाणवते. फी सर्वांसाठी रद्द केली नाही. ३३ टक्क्यांच्या अटीमुळे ज्या भागात एकही मूल शाळेत जात नव्हते तो भाग, म्हणजे ज्याला गरज सर्वांत अधिक तोच, रांगेत शेवटी राहिला असता. विरोधकांची मने वळावीत म्हणून गोखल्यांनी मागणी इतकी खाली आणली होती. तीदेखील मान्य झाली नाही. मवाळ राजकारणाची मर्यादा यातून दिसते. पण त्या मवाळपणामुळे एक गोष्ट सिद्धही झाली. मागणी अवाजवी होती म्हणून ती फेटाळली, असे सरकारला यापुढे म्हणता येणार नव्हते.

पुढची तीन वर्षे त्यांनी मधुमेहाशी झगडत काढली. १९१२ मध्येच दक्षिण आफ्रिकेचा दौरा, त्यानंतर सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे काम, त्यासाठी विलायतेच्या खेपा, असा शरीर झिजवणारा क्रम चालू राहिला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय ४८ वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांपैकी. ज्या जहागिरीत गोखल्यांचे वडील कारकुनी करत होते ती याच घराण्याची. गोखल्यांनी ज्या गावातून ८ रुपयांच्या आधारावर शिकायला बाहेर पाय टाकला, त्या भागातल्या मुलाला आता भावाच्या पगाराची वाट पाहावी लागणार नव्हती. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९११ चे विधेयकच थोड्या वेगळ्या अंगरख्यात परतले होते. इतर प्रांतांत तसेच कायदे होत गेले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटासाठी ते मूलभूत हक्क बनले आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कलकत्त्याच्या त्या मतदानाला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

हक्क मान्य झाला तरी खर्चाचा वाद मिटला नाही. त्याने रूप बदलले. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये अशी कल्पना मांडली की सरकारने शाळांना पैसे देण्याऐवजी पालकाच्या हाती ठरावीक रकमेचे वाउचर द्यावे आणि त्याने हवी ती शाळा निवडावी. तेव्हापासून पैसा शाळेमागे जावा की मुलामागे, हा वाद जगभर चालू आहे. भारताच्या कायद्यातही खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवून त्यांचा खर्च सरकारने भरून देण्याची तरतूद आहे. ती याच वादातली एक वाट. गोव्यात २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान देण्यावरून जे आंदोलन पेटले, त्याच्याही मुळाशी सार्वजनिक पैसा कोणत्या शाळेला मिळावा हाच प्रश्न होता.

या वादात गोखल्यांना कोणत्याही एका बाजूचे वकील करणे अन्यायाचे होईल. अनुदानावर चालणाऱ्या खाजगी संस्थेत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. त्यांच्या विधेयकात खाजगी शाळेला मज्जाव नव्हता. पण अशा संस्थांच्या वाढीवर सारा भार टाकून सरकारने हात झटकावेत, हे त्यांना कधी मान्य झाले नाही. पैसा कोणत्या वाटेने जावा याआधी तो पुरेसा आहे का, तो कोणाच्या खिशातून येतो, आणि सर्वांत गरीब तालुक्यातल्या मुलापर्यंत पोहोचतो का, हे प्रश्न त्यांनी विचारले होते. एकशे दहा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी शिक्षणाच्या कोणत्याही नव्या योजनेला ते विचारता येतात, आणि उत्तर देताना अजूनही अंदाजपत्रकाचेच पान उघडावे लागते.